सर्किट पार्टी आणि हाय-फन: दिसायला सारखं, पण एक नव्हे

डोंबिवलीत एका मित्राच्या खोलीवर आम्ही पाच जण 'सर्किट' बघायला बसलो होतो. डर्क शेफरचा २००१ चा अमेरिकन सिनेमा. इलिनॉयमधल्या छोट्या गावातला एक पोलीस, गे म्हणून मोकळेपणी जगता यावं यासाठी लॉस एंजेलिसला येतो आणि तिथल्या रात्रभर चालणाऱ्या पार्ट्यांत, तिथल्या नशेत ओढला जातो. सिनेमा संपला, कुणीतरी ट्यूबलाइट लावली, आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा म्हणाला, "म्हणजे हे आपल्याकडचं हाय-फनच की!" हाय-फन म्हणजे सेक्ससाठी ठरवून केलेली नशा. तिघांनी माना डोलावल्या. मी नाही म्हटलं. शेवटच्या लोकलची वेळ झाली तरी तोच विषय चालू होता.

हा नुसता शब्दांचा घोळ असता तर मी सोडून दिला असता. पण या घोळापायी माझ्या एका जवळच्या मित्राचे अत्यंत मोलाचे चार दिवस वाया गेले, म्हणून लिहितोय.

आधी सर्किट पार्टी. मोठा हॉल किंवा मोकळी जागा, शेकडो, कधी हजारो पुरुष, नावाजलेला डीजे आणि सकाळपर्यंत नाच. आज या शहरात, पुढच्या महिन्यात त्या शहरात, तीच मंडळी फिरत राहतात, म्हणून ते 'सर्किट'. न्यू यॉर्कमध्ये १९८० साली 'द सेंट' नावाचा क्लब सुरू झाला, तिथल्या रात्रींशी या पार्ट्यांचं नातं जवळचं आहे. मग एड्स आला आणि पार्ट्यांना वेगळाच अर्थ आला. मायामीची व्हाइट पार्टी १९८५ मध्ये सुरू झाली ती एड्सच्या रुग्णांसाठी पैसे उभे करायला. न्यू यॉर्कजवळच्या फायर आयलंडवरची 'मॉर्निंग पार्टी' तर जीएमएचसी या एड्सवर काम करणाऱ्या संस्थेचीच होती. आपल्याच मित्रांना एकामागून एक पोचवून आलेली माणसं तिथे नाचायची. पुढे त्याच पार्टीतल्या नशेवरून इतकी टीका झाली की १९९८ नंतर संस्थेने ती बंद केली. सर्किटला नुसतं नशेबाजांचा अड्डा म्हणणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा असं मला मनापासून वाटतं.

तिथली नशा नाचाच्या चाकरीला असते. एमडीएमए म्हणजे एक्स्टसी, केटामाइन, कोकेन. धोका असतोच, आणि तो बराचसा शरीराचा: गर्दीत तासन्‌तास नाचून अंग भयंकर तापतं, पाणी कमी पडतं. उलट घाबरून भसाभस पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. पण आजूबाजूला माणसं असतात. कुणी कोसळला तर दिसतो. पार्टी संपते, दिवे लागतात, सगळे घरी जातात.

आता हाय-फन. जगभर याला केमसेक्स म्हणतात, हा शब्द रूढ झाला तो लंडनमधून. आपल्याकडे गे डेटिंग ॲपवर 'हाय-फन', 'केमफन' किंवा नुसतं 'एचएफ' लिहितात. ठरवून, सेक्ससाठी, सेक्सच्या आधी आणि सेक्स चालू असताना घेतलेली नशा, असा याचा नेमका अर्थ. लंडनच्या अनुभवातून तीन पदार्थ यात मुख्य मानले जातात: मेफेड्रोन आणि क्रिस्टल मेथ ही उत्तेजक द्रव्यं, आणि गुंगी आणणारं जीएचबी किंवा त्याचा भाऊ जीबीएल. जीएचबी सर्किटमध्येही सापडतं, त्यामुळे सीमारेषा थोडी पुसट होते हे मान्य. पण इथे नाच नाही, डीजे नाही, तिकीट नाही. एक बंद फ्लॅट, दोघं-तिघं किंवा सात-आठ जण, पडदे ओढलेले, फोनवर ॲप उघडं, एक जातो तर दुसरा येतो. शनिवारी रात्री सुरू झालेलं सोमवारी सकाळी संपतं. दिवे लावणारं कुणी नसतं.

आणि मुंबईत तर सगळं 'जागे'वर अडतं. ॲपवर नाव-गाव विचारायच्या आधी विचारतात, "प्लेस आहे?" आईवडील, भाऊ-वहिनी आणि एकच बेडरूम, असं आपलं आयुष्य. त्यामुळे ज्याच्याकडे एकट्याचा भाड्याचा फ्लॅट आहे तो आपोआप यजमान होतो, आणि पावडर बहुतेकदा त्याच्याकडेच असते. मालाडचा, मीरा रोडचा, खारघरचा एखादा फ्लॅट. वसईहून नाहीतर बदलापूरहून आलेला मुलगा रात्री दीड वाजता तिथून निघणार तरी कसा? गाडी बंद, खिशात कॅबपुरते पैसे नाहीत, घरी सांगितलंय की मित्राकडे झोपतोय. नको म्हणायचं असलं तरी पहाटेच्या पहिल्या लोकलपर्यंत तिथेच बसायचं. सर्किटच्या सिनेमात हा प्रसंग येऊच शकत नाही, कारण तिथे दार उघडं असतं.

यात आणखी एक गल्लत आहे, आणि ती जीवघेणी ठरू शकते. मुंबईत 'एमडी' म्हणजे मेफेड्रोन. पोलिसांच्या बातम्यांत याला 'म्याव म्याव' म्हणायचे, आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थांविरोधातल्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं. परदेशी सिनेमांत आणि मालिकांत पोरं जे घेताना दिसतात ते बहुधा एमडीएमए. ऐकायला दोन अक्षरांचा फरक, आणि एमडी हे एमडीएमएचंच छोटं नाव असं समजणारी सुशिक्षित मुलं मी पाहिलीत. एमडीएमएचा अंमल काही तास टिकतो. मेफेड्रोनचा लवकर ओसरतो आणि ओसरताना पुन्हा घ्यावंसं वाटायला लावतो, मग पुन्हा, मग पुन्हा. सिनेमातलं बघून 'एकदाच घेतो' म्हणणारा मुलगा ज्या पदार्थाची कल्पना करतो तो त्याच्या पुढ्यात नसतोच.

जीएचबीबद्दल एवढंच: झिंग आणि बेशुद्धी यांच्यातलं अंतर अगदी थोडं असतं, आणि वर दारू असली तर श्वास थांबू शकतो. असा कुणी गाढ झोपलेला, घोरत असलेला दिसला तर 'झोपू दे' म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा, शुद्धीवर येईपर्यंत सोडून जाऊ नका.

आता माझा मित्र. सोमवारी पहाटे सहाला त्याचा फोन आला. समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी बघतंय, असं कुजबुजत सांगत होता. मी पोचलो तेव्हा खिडकीचे पडदे कपड्यांच्या चिमट्यांनी एकमेकांना जोडलेले होते, फटसुद्धा ठेवली नव्हती. दोन रात्री झोप नाही, ओठ चावून रक्ताळलेले. दुपारी मी त्याला एका इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "पार्टीबिर्टीला गेला होतात का?" तो म्हणाला, "नाही."

खरंच सांगत होता. पार्टीला तो गेलाच नव्हता. एका घरी गेला होता.

झोपेचं औषध मिळालं, ताण आहे म्हणाले, आम्ही घरी आलो. गुरुवारी एका समुपदेशकाकडे बसलो असताना त्यांनी वेगळा प्रश्न केला: "शनिवारी रात्री कुणाच्या घरी होतास?" तेव्हा सगळं बाहेर आलं. एकाच सुईने दोघांनी घेतलं होतं. कंडोमचं त्याला आठवत नव्हतं. एचआयव्ही टाळण्यासाठी नंतर घ्यायची जी पेप नावाची औषधं असतात, ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. आमचे ७२ तास बुधवारीच संपले होते. पुढच्या तपासण्यांत एचआयव्ही निघाला नाही, हेपटायटिस सी हा यकृताचा संसर्ग निघाला. त्यावर आता गोळ्या आहेत, साधारण १२ आठवड्यांच्या, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. त्याने एकही दिवस न चुकवता घेतल्या.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांच्या डोक्यातलं चित्र सिनेमातलंच होतं: दिवे, गर्दी, गाणी. आपल्या वर्तमानपत्रांतही छाप्याची बातमी येते ती 'रेव्ह पार्टी' म्हणूनच. याचा दुसरा तोटा असा की मुंबईतल्या गे पार्ट्या उगाच बदनाम होतात. कुलाब्यातल्या 'व्हूडू' पबमधल्या शनिवारपासून ते १९९८ मध्ये सुरू झालेल्या 'गे बॉम्बे' या गटाच्या कार्यक्रमांपर्यंत कितीतरी जणांना आयुष्यात पहिल्यांदा तिथे दुसऱ्या पुरुषाबरोबर नाचता आलं. मी जितक्या पार्ट्यांना गेलोय त्यांत बहुतेक पोरं हिंदी गाण्यांवर घामाघूम होऊन दीड वाजता वडापावची गाडी शोधत बाहेर पडायची. पार्ट्या बंद पाडल्या तर हाय-फन थांबत नाही. तीच पोरं फ्लॅटमध्ये जातात.

मदतही दोन तऱ्हेची लागते. पार्टीत नशा करणाऱ्याला पाणी, विश्रांती, सोबत नशा न केलेला एखादा मित्र आणि खरी माहिती एवढ्यावर बरंच निभावतं. हाय-फनमध्ये अडकलेला वेगळंच सांगतो. तो म्हणतो, आता नशेशिवाय कुणाच्या जवळच जाता येत नाही. वर्षानुवर्षं घरात ऐकलेलं, शाळेत सोसलेलं, आपल्या शरीराची वाटणारी लाज, हे सगळं त्या पावडरीने काही तास गप्प होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आपल्याला मोकळं केलं, पण ही लाज कुठल्याही निकालाने जात नाही. त्याला बोलायला माणूस लागतो, ज्याच्यासमोर सेक्स हा शब्द उच्चारता येईल असा.

पोलिसांची भीती असते, आणि ती खोटी नाही. एनडीपीएस कायद्यात सेवन हाही गुन्हा आहे. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की व्यसनी माणूस सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात अडकला आणि स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फोन आहे. मन ढासळलं असेल तर टेली-मानस १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. मुंबईत १९९४ पासून एलजीबीटी लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट ही संस्था आहे, तिथे गे असणं समजावून सांगत बसावं लागत नाही.

माझा मित्र आता अधूनमधून अशा मुलांचे फोन घेतो. परवा मी शेजारीच बसलो होतो. पलीकडचा मुलगा रडत होता, वाक्य धड पुरं होत नव्हतं. मित्राने त्याला थोडा वेळ रडू दिलं, मग हळूच विचारलं, "कुणाच्या घरी होतास? आणि किती तास झाले?"