भरपाई वेगळी, मदत वेगळी

पूर ओसरला की कर्नाटकातल्या आपल्या निपाणीच्या बाजारात जो तो एकच विचारतो, "मदत आली काय?" या एका शब्दात आपण दोन गोष्टी कालवतो.

भरपाई कागद बघून येते. पीक ३३ टक्के किंवा त्याहून जास्त गेलं, तर २०२२ ते २०२६ साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि बागायतीला १७,००० रुपये, तेही २ हेक्टरपर्यंतच. (खरं म्हणजे ही पिकाची किंमत नव्हेच, पुढच्या पेरणीच्या बी-खतासाठीचं अनुदान. भरपाई आपण म्हणतो.) वेदगंगेकाठचा ऊस पाण्याखाली कुजला, तर उताऱ्यावरचं नाव यादीत लागतं. तेच रान वाट्यानं करणारा बाहेर राहतो. आणि तिथं भांगलायला जाणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी? तिला तर रकानाच नाही. घरांचंही तेच. २०१९ च्या महापुरानंतर कर्नाटकात पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख जाहीर झाले. पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं जे पडलं, ते घर मालकाचं.

मदत माणूस बघून द्यायची असते. त्याच वर्षी घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला तातडीचे १०,००० दिले गेले, ते या प्रकारचे. शेत असो, नसो.

आपल्याकडं पूरग्रस्तांच्या छावणीला पूर्वी गंजी केंद्र म्हणत; गंजी म्हणजे पेज. आता काळजी केंद्र म्हणतात, आणि हा शब्द कन्नड-मराठी दोघांनाही न सांगता कळतो. पेजेनं पोट भरतं. काळजीत म्हातारीची रक्तदाबाची गोळी येते, पोरींसाठी आडोसा येतो, आणि कन्नड अर्ज भरून देणारं कुणीतरीही येतं.

गोंधळ होतो तो तरुण मंडळांचा, आणि तोही चांगल्या मनानं. टेम्पोभर तांदूळ येतो, वाटायचा कुणाला म्हणून तलाठ्याकडची पंचनाम्याची यादी मागून घेतात. झालं! ज्यांची नावं भरपाईत, त्यांच्याच दारात पोती. ओढ्यापलीकडची वस्ती दोन्हीकडून सुटते, शिवाय टेम्पो डांबरी रस्ता संपतो तिथंच थांबतो. "सगळ्यांना सारखं" म्हणत माडीवाल्यालाही पाच किलो आणि चूल वाहून गेलेल्यालाही पाच किलो, हेही मला पटत नाही.

यादी मंडळानं स्वतः करावी, आणि सुरुवात ओढ्यापलीकडून करावी. तिथं उतारा कुणाकडं आहे हे विचारायचं नाही. काल रात्री कुणाच्या घरात चूल पेटली नाही, एवढंच विचारायचं.