४९-०: रॉकी मार्सियानोवरचा वाद नेमका आला कुठून

हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाच्या बॉक्सिंगवर चार जण बोलायला बसले की १९५० च्या दशकातला अमेरिकन चॅम्पियन रॉकी मार्सियानो याचं नाव निघतंच आणि ते निघालं की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआऊट, अजून काय पाहिजे? दुसरा म्हणतो जिंकला कोणाशी, म्हाताऱ्यांशी. मग नंतरचे चॅम्पियन निघतात, समोर मुहम्मद अली असता तर, जॉर्ज फोरमन असता तर, माइक टायसन असता तर. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यातलाच हा प्रकार वाटतो खरा, पण या जर-तरलासुद्धा एक इतिहास आहे आणि तो माहीत नसला की माणूस नुसता आकड्यांवर भांडत बसतो. मी स्वतः कितीतरी वर्षं तसाच भांडलोय, म्हणून हे सगळं एका जागी लिहून काढतोय.

रॉकीचा जन्म १ सप्टेंबर १९२३ चा, गाव अमेरिकेतलं ब्रॉक्टन, मॅसॅच्युसेट्स राज्यात. बुटांच्या कारखान्यांचं गाव, बाप इटलीहून आलेला आणि तिथल्याच बुटांच्या कारखान्यात कामाला. पोराला खरं तर बेसबॉल खेळायचं होतं, १९४७ ला शिकागो कब्स या बेसबॉल संघाच्या चाचणीलाही गेला, पण निवड झाली नाही. म्हणजे बॉक्सिंगमध्ये पूर्णवेळ उतरला तेव्हा वय चोविशी-पंचविशीचं. उंची पाच फूट साडेदहा इंच, वजन १८५ पौंडांच्या आसपास, आणि हाताची रीच, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, फक्त ६८ इंच. हेवीवेट चॅम्पियनांमध्ये एवढे आखूड हात दुसऱ्या कोणाचे नव्हते. अलीची रीच ७८ इंच, १९६० च्या दशकातला चॅम्पियन सनी लिस्टन, त्याची ८४, हे आकडे शेजारी ठेवले की कळतं हा माणूस काय घेऊन रिंगमध्ये जात होता.

त्याला घडवला प्रशिक्षक चार्ली गोल्डमननं, स्वतः अगदी बुटका, जुना बँटमवेट, म्हणजे अगदी हलक्या वजनगटातला बॉक्सर. रॉकीला पाय कसे टाकायचे तेच येत नव्हतं, दोन पाय फाकवून उभा राहायचा, तर गोल्डमननं म्हणे त्याच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकांना बांधून सराव करून घेतला. उंची नाही ना, मग अजून खाली वाक, समोरच्याला मारायला जागाच ठेवू नकोस, खालून आत घुस आणि मग उजवा हात सोड. या उजव्या हाताला त्यांनी नावही दिलं होतं, सुझी क्यू.

आता ‘म्हाताऱ्यांना हरवलं’ या आरोपाकडे येऊ, कारण वादाचं मूळ इथेच आहे. २६ ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं जुना चॅम्पियन जो लुई याला आठव्या राउंडमध्ये दोरांच्या बाहेर पाडलं. लुई ३७ वर्षांचा होता, टॅक्सची देणी डोक्यावर होती म्हणून परत उतरला होता, आणि तो रॉकीचा लहानपणापासूनचा हिरो. लढतीनंतर रॉकी रडला होता. पुढं २३ सप्टेंबर १९५२ ला फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटकडून त्यानं टायटल, म्हणजे जगज्जेतेपद घेतलं, वॉलकॉट ३८ वर्षांचा. १९५५ ला आर्ची मूर, तो तर चाळिशीच्या आसपास. म्हणजे आरोप खोटा नाही, वयं खरी आहेत. पण ज्यांनी हा आरोप लावला त्यातल्या कितीजणांनी फिलाडेल्फियाची लढत बसून बघितलीय हा माझा प्रश्न आहे.

ती बघाच. पहिल्याच राउंडमध्ये वॉलकॉटच्या डाव्या हुकनं, म्हणजे कोपर वाकवून बाजूनं मारलेल्या ठोशानं रॉकी खाली, आयुष्यात पहिल्यांदा. मधल्या राउंड्समध्ये डोळ्यात काहीतरी जळजळीत गेलं, नीट दिसेना, आणि हा ‘म्हातारा’ वॉलकॉट त्या रात्री इतका सुंदर खेळत होता की बारा राउंड झाल्यावर गुण देणाऱ्या तिघांच्याही कार्डवर तोच पुढे होता. रॉकीला टायटल पाहिजे असेल तर नॉकआऊटशिवाय रस्ताच नव्हता. तेरावा राउंड सुरू होऊन अर्धा मिनिट झाला असेल, वॉलकॉट मागे सरकत दोरांना टेकला, दोघांनीही उजवा हात उचलला आणि रॉकीचा आधी पोचला. लांबून फिरवून मारलेला ठोसा नाहीच तो, जेमतेम फूटभर अंतर असेल. वॉलकॉटचा डावा हात दोरावर अडकला आणि तो हळूहळू गुडघ्यांवर बसत गेला, डोकं जमिनीला टेकेपर्यंत. मी हे कितीदा बघितलंय याला हिशोब नाही, दरवेळी तो अडकलेला हात बघून पोटात कालवतं.

आणि वॉलकॉटच्या आधीचा चॅम्पियन एझर्ड चार्ल्स, त्याला तर कोणी म्हातारा म्हणू नये. जून १९५४ ला तो ३२ चा होता, यँकी स्टेडियममध्ये पूर्ण १५ राउंड, म्हणजे तेव्हाच्या टायटल लढतीच्या शेवटापर्यंत रॉकीसमोर उभा राहिला, असं करणारा एकमेव माणूस. सप्टेंबरमध्ये दुसऱ्या लढतीत चार्ल्सनं रॉकीचं नाकच फाडलं, मधोमध चीर, रक्त थांबेना, कोपऱ्यातल्या लोकांना कळेना काय करावं, डॉक्टर लढत थांबवणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि रॉकीनं आठव्या राउंडला चार्ल्सला संपवलं. माझ्या मते रॉकीच्या मोठेपणाचा खरा पुरावा लुई नाही, चार्ल्स आहे, आणि चार्ल्सचं नाव या वादात कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५, आर्ची मूर, दुसऱ्या राउंडला रॉकी खाली, नवव्याला मूर संपला. २७ एप्रिल १९५६ ला निवृत्ती जाहीर, वय ३२. टायटल फक्त सहा वेळा राखलं, लुईनं २५ वेळा राखलं होतं. जुन्या जाणकारांनी त्याला फार वर चढवलंही नव्हतं. ‘द रिंग’ मासिक काढणारा नॅट फ्लायशर त्याच्या यादीत जॅक जॉन्सनला पहिला ठेवायचा, लुईला सहावा आणि मार्सियानोला दहावा.

मग अलीशी तुलना कधी सुरू झाली? १९६७ ला. मायामीचा एक रेडिओवाला, मरी वरोनर, त्यानं सोळा हेवीवेट चॅम्पियन निवडले, त्यांची माहिती कॉम्प्युटरमध्ये घातली आणि जे निकाल आले त्यावर रेडिओवर खऱ्या लढतीसारखी कॉमेंट्री केली. लोक अक्षरशः कान लावून ऐकायचे. फायनलमध्ये मार्सियानोनं डेम्प्सीला हरवलं, आणि अली जिम जेफ्रीजकडून हरला. अलीला हे भयंकर लागलं, त्यानं दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. त्याच वर्षी व्हिएतनाम युद्धात भरती व्हायला नकार दिला म्हणून त्याचं टायटल काढून घेतलेलं, लायसन्स गेलेलं, शिक्षा झालेली, कमाई बंद. शेवटी तडजोड झाली, अलीनं दहा हजार डॉलर घेतले आणि मार्सियानोसमोर कॅमेऱ्यापुढे उभा राहायला तयार झाला.

१९६९ ला मायामीच्या एका स्टुडिओत हे शूटिंग झालं. रॉकी ४५ वर्षांचा, रिंग सोडून तेरा वर्षं झालेली, त्यानं जवळपास पन्नास पौंड वजन उतरवलं आणि टक्कल झाकायला विग घातला. एकेक मिनिटाचे सत्तर-पंच्याहत्तर राउंड शूट केले, शेवटही वेगवेगळे, म्हणजे कोण जिंकणार हे दोघांनाही माहीत नव्हतं. २० जानेवारी १९७० ला अमेरिका, कॅनडा, युरोपातल्या सुमारे १५०० थिएटरांत एकाच वेळी दाखवलं. निकाल, मार्सियानो तेराव्या राउंडमध्ये नॉकआऊटनं विजयी. ज्या देशानं अलीला रिंगबाहेर काढलं होतं त्याच देशात एका निवृत्त गोऱ्या चॅम्पियननं त्याला पडद्यावर आडवा केला, यातला वर्णाचा भाग सोडून हा वाद समजूच शकत नाही. आणि रॉकीला स्वतःला हे कधी बघायलाच मिळालं नाही. ३१ ऑगस्ट १९६९ ला, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवात छोटं विमान कोसळून तो गेला.

मग तो ४९ चा आकडाच जिवंत राहिला. १९८५ ला लॅरी होम्स ४८-० होता, ४९ व्या लढतीत मायकल स्पिंक्सकडून हरला, आणि तारीख बघा, २१ सप्टेंबर, रॉकीच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षं. रागाच्या भरात होम्स रॉकीबद्दल फार वाईट बोलला, नंतर माफीही मागितली, पण तो इतका मोठा बॉक्सर असून त्या एका वाक्यानं त्याचं नाव खराब झालं. यातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे, स्पिंक्स लाइट हेवीवेट, म्हणजे खालच्या वजनगटातून वर आलेला माणूस होता. लहान अंगाचा माणूस मोठ्याला हरवू शकतो हे तिथे दिसलं, आणि १९८८ ला टायसननं त्याच स्पिंक्सला ९१ सेकंदात संपवलं तेव्हा लहान अंगाच्या माणसालाही मर्यादा असते हेही दिसलं. पुढं २०१७ ला हलक्या वजनगटातल्या फ्लॉइड मेवेदरनं मिक्स्ड मार्शल आर्ट्सवाल्या कॉनर मॅकग्रेगरला हरवून ५०-० केलं, मॅकग्रेगरची ती पहिलीच प्रोफेशनल बॉक्सिंग लढत, त्यामुळे त्या पन्नासाव्या विजयाला चार्ल्सच्या दुसऱ्या लढतीच्या पंगतीला बसवायला मी तयार नाही.

आजच्या हिशोबात १८५ पौंडांचा रॉकी हेवीवेटच नाही, क्रूझरवेट आहे, २०० पौंडांच्या आतला. अलीकडचा चॅम्पियन टायसन फ्युरी सहा फूट नऊ इंच आहे, त्याच्यासमोर रॉकीला उभं करण्यात मला अर्थ वाटत नाही. लिस्टन आणि फोरमनसमोरही तो टिकला नसता असं मला वाटतं, सरळ चालत येणाऱ्या माणसाचं फोरमननं १९७३ ला काय केलं ते तेव्हाचा चॅम्पियन जो फ्रेझर याला विचारा, सहा वेळा खाली. पण पंधरा राउंड, छोटे ग्लोव्हज आणि समोर १९७१ चा, अलीला हरवणारा फ्रेझर, ही लढत मात्र मी मनात कितीदा तरी लावलीय. दोघंही मागे न सरणारे, दोघंही खालून आत घुसणारे, एकाचा डावा हुक, दुसऱ्याची सुझी क्यू. नाव घ्यायलाच लावलं तर फ्रेझर, वजनाला वीस पौंड जास्त आणि हात जास्त वेगवान, तेराव्या-चौदाव्या राउंडला रॉकीच्या डोळ्यावरची जखम बघून रेफरी थांबवेल. तोपर्यंत फ्रेझरही दोन वेळा खाली जाऊन आलेला असेल.