एफटीपीची निवृत्ती
फाइल हस्तांतरणाचे उघड्या मजकुराचे प्रोटोकॉल (संगणकांनी आपसांत देवाणघेवाण करण्याचे ठरलेले नियम) बंद करून त्यांच्या जागी कूटबद्ध प्रोटोकॉल आणण्याची प्रक्रिया. यांतला सर्वांत जुना आणि सर्वदूर पसरलेला प्रोटोकॉल म्हणजे एफटीपी (फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल).

एफटीपीचा आरंभ सामान्यतः एप्रिल १९७१ मधील आरएफसी ११४ पासून धरतात (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज). कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर अभय भूषण यांनी एमआयटीत असताना तो मसुदा लिहिला. मात्र आदेशांसाठी एक आणि फाइलींसाठी दुसरी जोडणी ही एफटीपीची ओळख जुलै १९७२ च्या आरएफसी ३५४ मध्ये दिसते. त्यामुळे आजच्या एफटीपीचा जन्म १९७२ मध्ये मानणे अधिक सयुक्तिक वाटते. प्रमाण रूप ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ चे. त्यात पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटवर मोजकी संशोधन केंद्रे होती तोवर याची झळ फारशी बसली नाही. इंटरनेट खुले झाल्यावर वाटेत पॅकेटे (जाळ्यावरून जाणारे माहितीचे तुकडे) टिपणाऱ्याला पासवर्ड आयता मिळू लागला.

हेल्सिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर अशीच पासवर्डचोरी झाल्यावर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच हा दूरच्या संगणकाशी कूटबद्ध जोडणी करणारा प्रोटोकॉल रचला. त्यावर चालणारे एसएफटीपी आणि एफटीपीलाच टीएलएसचे (जोडणी कूटबद्ध करणाऱ्या प्रोटोकॉलचे) कवच देणारे एफटीपीएस (आरएफसी ४२१७, २००५) हे दोन मुख्य पर्याय होत. एफटीपीएसमध्ये दोन जोडण्यांचा जुना घोळ कायम राहतो: फायरवॉल, म्हणजे जाळ्यातली येजा रोखणारी यंत्रणा, पूर्वी आदेश वाचून फाइलीसाठी योग्य पोर्ट (जोडणीचे क्रमांकित द्वार) उघडत असे, पण कूटबद्ध आदेश तिला वाचता येत नाहीत. म्हणून पोर्टांचा मोठा पट्टा उघडा ठेवावा लागतो. एसएफटीपी सारे काही एकाच जोडणीतून, सहसा पोर्ट २२ वरून, नेते. त्याचा मसुदा आरएफसी झालाच नाही, तरी व्यवहारात तोच सरस ठरला आहे. मात्र पहिल्या जोडणीच्या वेळी सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (तिची ओळख पटवणारी छोटी अक्षरमाला) पडताळला नाही, तर मजकूर कूटबद्ध होऊनही भलत्याच यंत्राकडे जाऊ शकतो. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते.

सार्वजनिक फाइल-भांडारांनी एफटीपी सोडण्याचे कारण थोडे निराळे होते. डेबियन या मुक्त संगणक-प्रणालीच्या प्रकल्पाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली ती प्रामुख्याने घटता वापर, कॅशिंगचा (वारंवार लागणाऱ्या फाइलींची प्रत जवळ साठवण्याच्या सोयीचा) अभाव आणि फायरवॉलची कटकट यांमुळे. तिथल्या पॅकेजांची सत्यता अंकीय स्वाक्षरीने आधीच राखलेली होती. २०२१ मध्ये फायरफॉक्स ९० आणि क्रोम ९५ या ब्राउझर-आवृत्त्यांतून एफटीपी काढून टाकण्यात आले.

एसएसएचच्या कवचात चालणारे एससीपी हे फाइल-नकलेचे साधनही या प्रक्रियेतून सुटले नाही. त्याचा प्रोटोकॉल आरसीपी या जुन्या, कूटबद्ध नसलेल्या नकल-आदेशाचा. एसएसएचची प्रचलित मुक्त आवृत्ती असलेल्या ओपनएसएसएचने २०१९ मध्ये तो कालबाह्य ठरवला आणि २०२२ च्या ९.० आवृत्तीपासून एससीपी हा आदेश आतून एसएफटीपीच वापरतो. जुना प्रोटोकॉल हवाच असेल, तर वेगळा पर्याय देऊन तो मागावा लागतो.