उंच केलेली गाडी नेमकी कधी डळमळते?

शहाद्याहून तोरणमाळकडे किंवा धडगावहून मोलगीकडे जाताना वाटेत नाले, धोंडे आणि पावसाने खचलेल्या कडा लागतात. अशा वाटांवर फिरणारे हौशी व गरजू असे दोन्ही प्रकारचे मालक आपली जीप तीन-चार इंच उंच करून घेतात. तीच गाडी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे ते शिरपूर या सरळ टप्प्यात ताशी ८० किलोमीटर वेगाने चालवली, की तक्रार सुरू होते: ‘गाडी डळमळते.’ या एका शब्दात निरनिराळे पाच-सहा दोष दडलेले असतात. त्यामुळे गाडीखाली शिरण्याआधी मालकाला खोदून खोदून एकच गोष्ट विचारावी लागते, ती म्हणजे हे नेमके कधी होते.

उंची वाढवल्याने काय बदलते, हे आधी समजून घ्यायला हवे. दोन्ही चाकांना जोडणाऱ्या एकाच आडव्या दांड्याच्या, म्हणजे अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलून किंवा लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी हलती कडी) लावून चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जातात. डिफरन्शिअल (चाकांना फिरवणाऱ्या गिअरचा मधला गोळा) मात्र जमिनीपासून होते तेवढ्याच उंचीवर राहते. ते वर घ्यायचे असेल तर टायरच मोठा लावावा लागतो, आणि त्यातही टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर डिफरन्शिअल एकच इंच वर जाते. चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यातले अंतर वाढले की त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक दांड्याचा तिरकसपणा वाढतो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी या बदललेल्या कोनांतून निघतात.

तरीही तपासाची सुरुवात कोनांपासून करू नये. तापीच्या वाळूत उतरताना टायरची हवा कमी केली आणि महामार्गावर येताना ती पुन्हा भरायची राहून गेली, तर गाडी आपोआप झोल खाते. दुसरा साधा गुन्हेगार म्हणजे आपली काळी माती. ती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगडासारखी घट्ट होते. अक्षापासून २० सेंटिमीटर अंतरावर २०० ग्रॅम माती एकाच जागी अडकली, तर ७४ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ताशी ८० किलोमीटर वेगाला सुमारे १५ किलो वजनाएवढी ओढ निर्माण होते, आणि ती सेकंदाला नऊ-दहा वेळा दिशा बदलत फिरत राहते. स्टीअरिंग थरथरायला एवढे पुरेसे आहे. ज्यावर पाण्याचा पाइप आणि खराटा हाच उपाय आहे, त्या दोषासाठी नवे सुटे भाग विकत घेणारे लोक मी पाहिले आहेत.

ही थरथर आणि जिला मेकॅनिक ‘वॉबलिंग’ म्हणतात ती, या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. असंतुलित चाकाची थरथर वेगाच्या तालावर चालते: ठरावीक वेगाला ती वाढते आणि वेग आणखी वाढवला की पुष्कळदा कमीही होते. वॉबलिंग मात्र पुलाच्या सांध्यावर किंवा खड्ड्यावर एक दणका बसताच सुरू होते, मग रस्ता गुळगुळीत असला तरी पुढची दोन्ही चाके डावी-उजवीकडे फडफडत राहतात आणि वेग बराच खाली आणल्याशिवाय ती थांबत नाहीत. दणका हे केवळ निमित्त असते; फडफड चालू ठेवणारी ऊर्जा गाडीच्या पुढे जाण्यातूनच टायरमार्फत मिळत राहते. भौतिकशास्त्रात अशा हालचालीला स्वयंउत्तेजित दोलन म्हणतात.

हे दोलन एरवी का होत नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी कॅस्टर कोनात आहे. सायकलच्या चिमट्यावरची, हँडल ज्या अक्षाभोवती फिरते ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती चाक टेकते त्या जागेच्या थोडी पुढे पडते. टेकलेला भाग तिच्या मागे फरफटत राहतो आणि हात सोडले तरी चाक सरळ होऊ पाहते. जीपचे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते तोही वरच्या बाजूला काही अंश मागे कललेला असतो; हाच कॅस्टर कोन. पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असेल आणि तो लांब केला, तर पाट्याचे नाक खाली जाते, अख्खा अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कॅस्टर कमी होतो. मग वळणानंतर स्टीअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि सरळ रस्त्यावर गाडी सतत सावरावी लागते. अशा गाडीत टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाके जोडणाऱ्या दांड्याचे) सांधे, किंगपिनचे (चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) बेअरिंग किंवा पाट्यांचे बुश (सांध्यातली रबरी नळी) यांत थोडा जरी प्ले, म्हणजे सैलपणा, आला, तरी वॉबलिंगला वाट मोकळी होते. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात रबरी बुश लवकर तडकतात, हेही ध्यानात ठेवावे.

प्ले शोधायला दोन माणसे लागतात. गाडी जमिनीवर उभी असताना एकाने स्टीअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर हात ठेवून पाहावा. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला उशिरा हलला, तर दोष तिथेच आहे. स्टीअरिंग डँपर (स्टीअरिंगचे हेलकावे दाबणारी नळी) लावून वॉबलिंग ‘बंद’ करण्याची पद्धत मला धोक्याची वाटते, कारण सैल सांधा त्याच्या आड झिजतच राहतो.

कॅस्टर परत आणण्यासाठी पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवतात. उपाय खरा आहे, पण अ‍ॅक्सल मागे कलला की डिफरन्शिअलचे तोंड खाली वळते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून डिफरन्शिअलला फिरवणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवरचा, म्हणजे त्याच्या टोकाच्या लवत्या सांध्यावरचा, कोन वाढतो. क्रॉसचा गुण असा, की कोनात फिरताना तो एका फेऱ्यात दोनदा आपल्यापुढे जोडलेल्या दांड्याची गती कमी-जास्त करतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक दीड टक्का असतो, २० अंशांना तो सहा टक्क्यांच्या वर जातो. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एक क्रॉस दुसऱ्याची चूक भरून काढतो. मागच्या शाफ्टलाही हेच लागू आहे. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरत असल्यामुळे ही थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी असते, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की ती बदलते. चाकाच्या थरथरीला अ‍ॅक्सिलरेटरशी फारसे देणेघेणे नसते.

गतिरोधकावर गाडी आपोआप एका बाजूला वळत असेल, तर संशय ड्रॅग लिंकवर (स्टीअरिंगची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांडीवर) घ्यावा. ती फार तिरकी झाली, की पाटा दबताना चाकाला ढकलते आणि चालकाने काहीही न करता गाडी वळते. स्टीअरिंग घट्ट धरून ठेवायला सांगून दोघांनी बंपर जोराने दाबला, तर चाके वळताना डोळ्यांना दिसतात.

गाडी आदळते, ही तक्रार बहुधा कडक पाट्यांची असते. गाडीच्या वजनाने पाटा २५ सेंटिमीटर दबत असेल तर बॉडी सेकंदाला सुमारे एकदा वर-खाली होते, आणि तो सहाच सेंटिमीटर दबत असेल तर दोनदा. वेगवान झोका आवरायला शॉकअपही तसाच लागतो. जुना शॉकअप उंच गाडीत आधीच ताणलेला असतो आणि खड्ड्यात चाक खाली सुटले की त्याची लांबी संपते. वळणावरच्या कलण्याला मात्र गॅरेजमध्ये औषध नाही. दोन चाकांमधले अंतर १४५ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य साडेसात सेंटिमीटरने वर गेला, तर तिचे स्थैर्य जवळजवळ दहा टक्क्यांनी घटते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधने घालते, हा विचारही पाटे मागवण्यापूर्वीच करावा.

एक दोष मात्र ‘कधी’ या प्रश्नाला दाद देत नाही, कारण तो सतत असतो: गाडी सरळ चालते, पण स्टीअरिंग वाकडे धरावे लागते आणि मागून पाहणाऱ्याला ती तिरपी धावताना दिसते. इथे गवंड्याचा ओळंबा उपयोगी पडतो. सपाट जागेवर चाके सरळ ठेवून चारही चाकांच्या मध्यापासून ओळंबा सोडावा, जमिनीवर खडूने खुणा कराव्यात आणि दोन्ही बाजूंचे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर मोजावे. दोन मापांत बोटभर फरक आढळला, तर पाट्याच्या पट्ट्या मध्यभागी एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकला आहे का, हे पाहावे. नव्या पाट्यांना जागेवर आवळून धरणारे यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले नाहीत, तर असे होते. अशा गाडीचे अलाइनमेंट या दुरुस्तीनंतरच करून घ्यावे.