मुलीचे ताट आईच्या ताटापेक्षा मोठे का?

फोंडा, म्हापसा, पणजीकडच्या घरांत हल्ली एक चित्र वरचेवर दिसते. आई डाएट सुरू करते आणि तिच्याबरोबर आठवी-नववीतली मुलगीही सुरू करते. सकाळची पेज बंद, रात्रीचा भात बंद, दुपारी काकडी-टोमॅटो. दोघी जोडीने वजनकाट्यावर उभ्या राहतात आणि घरातली माणसे कौतुक करतात.

हिशेब चुकतो तो इथेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या तक्त्यांत बैठे काम करणाऱ्या प्रौढ बाईची रोजची गरज १६६० किलोकॅलरी धरली आहे, तर १३ ते १५ वर्षांच्या मुलीची २४००. त्याच वयाच्या मुलाची २८६०, म्हणजे ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्या त्याच्या बापापेक्षा साडेसातशेने जास्त. मुले खेळती-धावती असतात असे हे तक्ते गृहीत धरतात. ट्यूशन आणि मोबाइल यांतच दिवस घालवणाऱ्या मुलाला एवढे लागणार नाही. तरीही आईच्या मापाचे ताट मुलीला पुरत नाही, हे खरेच.

गंमत अशी की या कॅलरींतला अगदी थोडा वाटा, शेकड्यातले दोन-चारच, प्रत्यक्ष वाढीसाठी खर्च होतो. बाकी सगळे हृदय, मेंदू, शरीराची ऊब आणि हालचाल यांत जाते. मग थोडे कमी खाल्ले म्हणून काय बिघडले, असे कुणी विचारील. बिघडते ते असे, की कमतरता आली की शरीर सगळीकडे सारखी काटछाट करत नाही. घरात पैशांची चणचण झाली की वरच्या मजल्याचे बांधकाम थांबते, चूल थांबत नाही. शरीराचेही तसेच. हृदय चालूच राहते, वाढ मात्र थांबू शकते.

ही काटछाट कशी होते ते बऱ्यापैकी कळलेले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक सुटते. ते यकृताला आयजीएफ-१ नावाचे दुसरे संप्रेरक तयार करायला लावते, आणि हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या कूर्चेला त्यातून चालना मिळते. पोटात पुरेसे अन्न आणि प्रथिने गेली नाहीत, तर पहिले संप्रेरक भरपूर असूनही यकृत त्याला दाद देत नाही. आयजीएफ-१ घटते आणि कूर्चा मंदावते. दुसरी वाट लेप्टिनची. अमेरिकेतल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये त्याचे जनुक शोधले. लेप्टिन चरबीच्या पेशींतून स्रवते आणि अंगात साठा किती आहे हे मेंदूला त्यावरून कळते. साठा आटला की मेंदू पाळीची यंत्रणा मंद करतो. बारीक झालेल्या मुलीची पाळी चुकते ती यामुळे. अभ्यासाचे टेन्शन म्हणून आपण तिकडे काणाडोळा करतो.

आठवडाभराचा ताप किंवा परीक्षेतली उपासमार शरीर पुढे भरून काढते. लहान मुलांत ही ताकद मोठी असते. पण कमी खाणे वर्ष-दोन वर्षे चालले, तेही नेमके वयात येण्याच्या काळात, तर सगळे भरून येईलच असे नाही. विशेषतः हाडांचे. कॅनडातल्या सॅस्कॅचवान विद्यापीठात मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे घेतली गेली. त्यांत असे दिसले की प्रौढपणी अंगात जेवढी हाडांची खनिजे असतात, त्यांतली साधारण एक चतुर्थांश उंची झपाट्याने वाढण्याच्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतात. मुलींत हा झपाटा बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांत सुमारे दोन वर्षे उशिरा. शिवाय उंची आधी वाढते आणि खनिजे मागाहून भरतात. मधल्या काळात हाड लांब पण जरा कच्चे असते. पावसातल्या फुटबॉलमध्ये याच वयाची मुले मनगट मोडून घेतात, त्याला चिखलाइतकेच हेही कारण आहे.

आता चरबीकडे वळू. अकरा-बारा वर्षांच्या मुलीचे अंग भरू लागते, आणि चवथीला जमलेल्या आत्या-मावश्यांच्या नजरेतून ते सुटत नाही. ‘अगो, केवढी सुटलीस!’ खरे तर वयात येताना मुलीच्या अंगावर चरबी चढणे हा रोग नव्हे, तो वाढीचा क्रमच आहे. कितीतरी मुले आधी रुंद होतात आणि मग उंच. बोलणाऱ्या आत्याबाईंचेही त्या वयात हेच झालेले असते. पण वजनावरून मुलांना चिडवल्याने ती बारीक होत नाहीत. उलट अशी मुले पुढे लपूनछपून खाण्याकडे, जेवणे टाळण्याकडे आणि जास्त वजनाकडेही झुकतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

डाएटचेही तेच. अमेरिकेत ९ ते १४ वर्षांच्या सुमारे पंधरा हजार मुलामुलींचा काही वर्षे मागोवा घेतला गेला. २००३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वरचेवर डाएट करणाऱ्या मुलांचे वजन डाएट न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढले होते. ज्यांची ठेवण मुळातच वजन वाढण्याची, तीच डाएट करत असतील, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी ती हिशेबात धरली, तरीही फरक पूर्णपणे मिटला नाही. दिवसभर उपाशी राहून रात्री फरसाणाचा डबा रिकामा करणारे मूल पाहिलेल्याला याचे नवल वाटणार नाही. जेनिफर फिशर आणि लीअन बर्च यांनी १९९९ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांवर केलेला प्रयोगही इथे आठवतो. खाऊ समोर ठेवून त्याला हात लावायची बंदी केली, तर मुलांचे सगळे लक्ष त्याच खाऊकडे लागते.

कीटोबद्दल, म्हणजे भात-पोळी जवळपास बंद करून मुख्यतः तूप-तेलासारख्या स्निग्ध पदार्थांवर भागवण्याच्या आहाराबद्दल, एक गोष्ट सांगायलाच हवी. हा आहार १९२१ मध्ये अपस्मारावरचा उपचार म्हणून पुढे आला आणि औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना आजही डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्या मुलांची उंची मंदावणे आणि मूतखडे होणे हे त्याचे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत. फेफरे थांबण्यासाठी तो धोका पत्करणे समजू शकते. रील पाहून लग्नाआधी बारीक होण्यासाठी नाही.

मग चांगले खाणे म्हणजे काय? गोव्यात त्यासाठी परदेशी बियांची पाकिटे आणायची गरज नाही. आपल्याकडच्या साध्या ताटात वाढीला लागणारे बरेच काही आहे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, तांदळात त्याच्या तुलनेत नावालाच. १३ ते १५ वर्षांच्या मुलांना दिवसाला १००० मिलिग्रॅम लागते. म्हणून नाचणीची आंबील किंवा तिझन, दूध-दही, आणि काट्यासकट चावून खाता येणारे बारीक पेडवे (तारली). पेडव्या-बांगड्यांतून प्रथिने आणि ओमेगा-३ मिळते, तेही इस्वणापेक्षा कमी पैशांत. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत किंवा श्रावणात शिवराक (शाकाहारी) जेवताना आळसांद्याचे तोणाक (चवळीची रसभाजी), मूग, अंडी चालत असतील तर अंडी.

मुलींना लोह जास्त लागते, १३ ते १५ वयात दिवसाला सुमारे ३० मिलिग्रॅम, मुलग्यांना २२. कडधान्ये-पालेभाज्यांतले लोह शरीर सहजासहजी घेत नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असला, मासे असले, तर ते जास्त मुरते. जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडे पडतात त्यांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते. आपण ती फेणी गाळणाऱ्यांसाठी सोडून देतो.

भाताला उगीच बदनाम केले आहे. उकडा तांदूळ करताना साळ टरफलासकट उकडतात, तेव्हा कोंड्यातली काही ब जीवनसत्त्वे दाण्यात शिरतात, म्हणून तो पांढऱ्या तांदळापेक्षा सरस. पोदेर, म्हणजे आपला पाववाला, जिला पोई म्हणतो ती कोंडा लावलेली पोकळ रोटी मैद्याच्या पावापेक्षा बरी. कमी करायचेच तर थंड पेये करा. २५० मिलिलिटर कोलामध्ये सहा-सात चमचे साखर असते आणि भूक तर भागतच नाही.

मूल खरोखरच जाड असेल तर? तेव्हाही बहुतेक वेळा वजन उतरवायचे नसते, थोपवायचे असते. समजा अकरा वर्षांची मुलगी १४० सेंटिमीटर उंच आहे आणि वजन ४५ किलो. तिचा बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ भरतो, त्या वयाला तो जास्त. दोन वर्षांनी ती १५२ सेंटिमीटर झाली आणि वजन ४५ च राहिले, तर बीएमआय साडेएकोणीसवर येतो. एक किलोही न घटवता. स्थूलता फारच असेल, मधुमेह किंवा रक्तदाबाची लक्षणे असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे बालरोगतज्ज्ञ लागतो, आणि तोही उपाशी ठेवायला सांगत नाही.

मुलांचा बीएमआय मोठ्यांच्या २३-२५ च्या मापाने मोजायचा नसतो. त्यासाठी वय आणि लिंग यांनुसार आलेख लागतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वयासाठी तो २०१५ मध्ये नव्याने काढला, आणि डॉक्टरकडे तो असतोच. वजनाचा काटा रोज पाहण्यापेक्षा उंची तीन-चार महिन्यांनी भिंतीवर खूण करून मोजावी. उंची वाढत असताना वजन घटत चालले, मूल सारखे थंडी वाजते म्हणू लागले, केस गळू लागले, जेवणाच्या वेळी बाथरूममध्ये जाऊन बसू लागले, किंवा सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.