पार्श्वभूमी : जामिनावरचा आरोपी आणि पायातला जीपीएस पट्टा

नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मूतील एका विशेष न्यायालयाने दहशतवादाच्या खटल्यातील आरोपीला जामिनावर सोडताना त्याच्या घोट्याला ठावठिकाणा सतत कळवणारा जीपीएस पट्टा बांधायला सांगितलं. देशातला हा पहिला वापर मानला जातो. तेव्हापासून पट्ट्याची चर्चा 'गुन्हेगार' या शब्दाला धरून चालते, आणि घोळ तिथेच होतो.

दोष सिद्ध झाल्यावर तुरुंगाऐवजी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली बाहेर राहायची सोय म्हणजे परिवीक्षा. तिचा कायदा १९५८ चा. शिक्षा भोगणाऱ्याला काही दिवस घरी सोडतात, ती पॅरोल किंवा फर्लो. आपल्याकडच्या सरकारी मराठीत अभिवचन रजा आणि संचित रजा. जामीन मात्र ज्याचा निकालच लागलेला नाही त्याला मिळतो. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीत तुरुंगातल्या ५,७३,२२० जणांपैकी ४,३४,३०२ असे कच्चे कैदी होते. हे तिन्ही गट एकाच शब्दात कोंबले की शिक्षा झालेल्यांसाठीचं साधन आरोपीच्या पायात जातं, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

परदेशात पट्टा रुजला तो मुख्यतः शिक्षा झालेल्यांसाठी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका न्यायाधीशाने १९८३ मध्ये परिवीक्षेच्या अटी मोडणाऱ्याला तो लावला. इंग्लंडने १९८९ मध्ये जामिनावरच्या आरोपींवर प्रयोग करून पाहिला, पण जम बसला १९९९ पासून, मुदतीआधी घरी सोडलेल्या कैद्यांवर.

आपल्याकडे पाळत जुनीच. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांची नोंद झाली आणि त्यांच्या मागे हजेरी लागली. सोलापूरची तारांच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे या जमातींना ठेवायची वसाहत, त्याच कायद्याच्या पुढच्या रूपातली. तो १९५२ मध्ये रद्द झाला.

पुढचा टप्पा १९६२ चा. पुराव्याअभावी सुटलेल्या एका माणसाच्या नावाने पोलिसांनी पाळतीची फाइल उघडली होती. रात्री-अपरात्री त्याचं दार ठोठावणं सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं. तो कुठे जातो-येतो यावर नजर ठेवायला मात्र बहुमताची हरकत नव्हती. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चूक होतं हे मान्य व्हायला २०१७ साल उजाडलं.

म्हणूनच ८ जुलै २०२४ चा निकाल नीट वाचायला हवा. अमली पदार्थांच्या खटल्यात २०१४ पासून अडकलेल्या एका नायजेरियन आरोपीला उच्च न्यायालयाने जामीन दिला, तो मोबाइलच्या नकाशावर पिन टाकून ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला कळता ठेवण्याच्या अटीवर. सर्वोच्च न्यायालयाने नकाशावाल्या कंपनीलाच विचारलं. पिनवरून माणसाची हालचाल त्या-त्या क्षणी कळत नाही, असं कंपनीने सांगितलं. म्हणजे अट तशीही निरुपयोगी होती. पण न्यायालय तिथे थांबलं नाही. आरोपीची प्रत्येक हालचाल तंत्रज्ञानाने किंवा अन्य मार्गाने टिपू देणारी जामिनाची कोणतीही अट राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असं त्याने म्हटलं. हा निकाल पिनपुरताच आहे, असा अर्थ काही जण काढतात. मला तो पटत नाही. पिनपेक्षा पट्टा कितीतरी जास्त टिपतो, आणि तो काढून ठेवायची मुभाही नसते.

रजेवरच्या कैद्यांबाबतचा प्रश्न वेगळा. मे २०२३ च्या आदर्श तुरुंग कायद्यात, म्हणजे केंद्राने राज्यांपुढे ठेवलेल्या नमुन्यात, पट्टा घालायला राजी असेल त्या कैद्याला रजा देण्याची तरतूद आहे. पण नाही म्हटलं तर कोठडीतच राहायचं, हे माहीत असलेल्या माणसाच्या होकाराला कितपत होकार म्हणायचं? शिवाय पट्टा चार्ज करावा लागतो. वीज गेली, बॅटरी उतरली की यंत्राच्या लेखी माणूस पळाला.

आजही रजेवर आलेला कैदी अनेक ठिकाणी हजेरीला पोलीस ठाण्यात जातो, बाकावर ताटकळतो, ठाणे अंमलदाराने सरकवलेल्या वहीत सही करतो. तिथून घरी परत येईपर्यंत तो कुठून कुठे गेला, हे त्या वहीत नसतं.