स्कूबाचा पायाभूत कोर्स

पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली शांतपणे श्वास घेणं, एका जागी स्थिर राहणं, मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं, जोडीदाराची हवा संपली तर त्याला आपली देणं आणि सावकाश वर येणं, एवढ्या गोष्टी अंगवळणी पडेपर्यंत घोटून घेणारा अभ्यासक्रम म्हणजे हा कोर्स. मालवणला गाईड धरून खाली नेतो आणि फोटो काढून वर आणतो ते वेगळं, त्याला कोर्स म्हणत नाहीत. टाकीत 'ऑक्सिजन' असतो असं आपल्याकडं सगळेच म्हणतात, पण असते ती गाळून दाबानं भरलेली साधी हवा. शुद्ध ऑक्सिजन साधारण ६ मीटरच्या खाली घातक ठरू शकतो.

शब्दाबद्दल थोडं. मराठीत जुना शब्द पाणबुड्या. पाणबुडी म्हटलं की आता नौदलाचं जहाज डोळ्यापुढं येतं, आणि तळ्यावरच्या टिबुकली पक्ष्यालाही पाणबुडीच म्हणतात, त्यामुळं शिकणाऱ्यांच्या तोंडी 'डायव्हर' हाच शब्द बसलाय. 'स्कूबा' हा इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द, अर्थ पाण्याखाली श्वास घ्यायचं स्वयंपूर्ण साधन. त्याचं श्रेय अमेरिकन डॉक्टर क्रिश्चन लँबर्टसन यांना देतात. काहीजण तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नेतात, काही १९५२ धरतात, त्यातलं १९५२ जास्त पटतं. पण लँबर्टसनचं यंत्र सोडलेला श्वासच शुद्ध करून पुन्हा वापरणारं होतं. कोर्समध्ये आज वापरतात ती बुडबुडे बाहेर सोडणारी पद्धत फ्रेंच जोडी कुस्तो आणि गान्यां यांच्या १९४३च्या ॲक्वालंग या श्वासयंत्राच्या घराण्यातली. त्यालाही 'शोध' म्हणण्यापेक्षा जुळणी म्हणणं बरं, कारण श्वास ओढला की तेवढीच हवा देणारा झडपेचा रेग्युलेटर रुकेरॉल आणि देनेरूझ यांनी फ्रान्समध्येच १८६०च्या दशकात केला होता.

पहिला कोर्स कुणाचा यावरही एकमत नाही. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत १९५१च्या सुमारास संशोधकांना शिकवायला सुरुवात झाली, ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब १९५३चा, आणि लॉस एंजेलिस काउंटीनं १९५०च्या दशकाच्या मध्यात प्रशिक्षक तयार करायला घेतले. सामान्य माणसाला शिकवायची रीतसर साखळी हा निकष धरला तर काउंटीचं पारडं थोडं जड वाटतं. पॅडी ही डायव्हिंग शिकवणारी संस्था १९६६ची. 'फंडामेंटल्स' नावानं ओळखला जाणारा कडक कोर्स जीयूई या संस्थेचा, तिची स्थापना १९९८ची, मुळं फ्लोरिडातल्या पाण्यानं भरलेल्या गुहांमध्ये. तिथं गाळ उठला की हात दिसत नाही, म्हणून शरीर आडवं ठेवणं, हात न हलवता बेडकासारखे पाय मारणं आणि जोडीदाराला हवा द्यायची सुमारे दोन मीटर लांबीची नळी यांवर इतका भर.

आता मराठवाड्याचा मुद्दा. इथं समुद्र नाही. पोहणं शिकायचं ते विहिरीत, कंबरेला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून. मग सूर मारायचा, दम धरून बुडी मारायची आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचं. असा पोहणारा कोर्सला आला की पाण्याची भीती अजिबात नसते पण दम धरायची सवय जात नाही, आणि नेमकी तीच सगळ्यात धोक्याची. विहिरीत बुडी मारणारा वरची हवा घेऊन जातो. खाली ती दाबून लहान होते, वर आल्यावर पुन्हा होती तेवढीच. स्कूबात मात्र १० मीटरवर घेतलेला श्वास दुप्पट दाबाचा असतो, तो कोंडून वर आलात तर छातीतली ६ लिटर हवा १२ लिटर व्हायला बघते आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम, श्वास कधीही रोखायचा नाही, तोंडातून रेग्युलेटर निसटला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं आणि उजवा हात मागून फिरवून तो शोधायचा. दुसरी सवय हातांची. विहिरीत हात मारल्याशिवाय चालत नाही, इथं हात गप्प ठेवायचे आणि वरखाली व्हायचं ते श्वासानं. श्वास घेतला की क्षणभरानं शरीर वर सरकतं, सोडला की खाली. तो क्षणभर थांबायचा धीर येणं यालाच खरं तर शिकणं म्हणायला हवं, मास्क काढून घालणं त्यामानानं दोन दिवसात जमतं.

प्रवेशाला पॅडीच्या ओपन वॉटर कोर्सात २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतं, शिवाय दमा, कान, हृदय यांची माहिती देणारा वैद्यकीय फॉर्म. वयाची अट १० वर्षं, खोलीची मर्यादा मोठ्यांना १८ मीटर. महाराष्ट्रात एमटीडीसीची स्कूबा संस्था तारकर्लीला आहे, त्यापुढं कर्नाटकातलं नेत्राणी बेट, अंदमान, लक्षद्वीप.

पैठणचा नाथसागर मोठा असला तरी गढूळ, आणि पूर्ण भरला की त्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर. ३०० मीटरच्या वर उंचीवरच्या डायव्हिंगचे नियम लागतात, किती खोल किती वेळ राहायचं हे सांगणारे समुद्रासाठीचे तक्ते तिथं जसेच्या तसे चालत नाहीत. गोड्या पाण्यात शिशाची वजनंही थोडी कमी लागतात.

याच कारणानं परतीचा प्रवासही कोर्सचाच भाग धरावा. डाइव्हनंतर अंगात नायट्रोजन उरलेला असतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. आंबोलीचा घाट ७०० मीटरच्या आसपास जातो, आणि लातूर, धाराशिव तर स्वतःच ६०० मीटरच्या वर. विमानासाठी एका डाइव्हनंतर १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायला सांगतात. एवढ्या उंचीच्या घाटालाही तेच लावणं शहाणपणाचं. पोरं संध्याकाळी पाण्यातून निघून रात्रीच्याच ट्रॅव्हल्सनं लातूर गाठतात, ते करू नये. शेवटचा डाइव्ह दुपारी बाराच्या आत उरकावा, रात्र मालवणातच काढावी आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घाट चढावा.